३२५० फुटांचा आकडा : एम-१६ रायफलीची दारू बदलली तेव्हा

रायफलीचं काडतूस भरताना कोणती दारू निवडायची, या प्रश्नावर अमेरिकेतले हौशी लोक आयुष्यभर बोलत बसतात. तिकडे घरच्या टेबलावर काडतुसं भरणं हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. आपल्याकडे शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा विषय आपल्या नेमबाजांच्या हाती फारसा येत नाही. तरीही दारूची निवड चुकली तर काय होतं, याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट नोंदला गेलेला दाखला सगळ्यांनी वाचावा असा आहे. तो कुण्या हौशी माणसाच्या टेबलावर घडलेला नाही. ही निवड एका देशाच्या लष्कराने केली आणि ती जगले-भोगले व्हिएतनाममधले विशी-बाविशीतले सैनिक.

रायफल होती एम-१६. यूजीन स्टोनर या डिझायनरने आर्मालाइट कंपनीत असताना ती एआर-१५ या नावाने घडवली. पुढे १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीने घेतले. वजनाला हलकी, गोळी छोटी पण वेगवान, धक्का कमी. गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. मूळ मागणी अशी होती की ५०० यार्डांवरून या गोळीने पोलादी शिरस्त्राण भेदलं पाहिजे. एवढ्या हलक्या गोळीकडून हे काम करून घ्यायचं तर वेग हवा. म्हणून कागदावर आकडा आला: सेकंदाला ३२५० फूट. मीटरमध्ये सुमारे ९९०.

स्टोनरने रायफल आणि काडतूस ही जोडी एकत्र वाढवली. काडतुसात त्याने वापरली ती ड्यू पाँट कंपनीची आयएमआर जातीची दारू. तिचा दाणा म्हणजे बारीक तुकडे केलेली नळी, मधून आरपार भोक. या भोकाला फार महत्त्व आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ज्यांनी पाण्याचा बंब पेटवलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. तेवढ्याच वजनाच्या काटक्या टाकल्या तर भडका उडतो, ओंडका टाकला तर तो मंद जळत राहतो. लाकूड एकच, फरक पडतो तो आगीला किती पृष्ठभाग मिळतो याचा. दारूचंही तसंच. नळीचा दाणा बाहेरून आत जळतो तसा भोकाच्या बाजूने आतून बाहेरही जळतो. बाहेरचा पृष्ठभाग घटतो तेवढा आतला वाढतो, आणि शेवटपर्यंत वायू साधारण एकाच गतीने तयार होत राहतो. दाणा गोल गोळीसारखा असेल तर तसं होत नाही. सुरुवातीला पृष्ठभाग सर्वांत मोठा, आणि जळत जाईल तसा तो आकसतो. म्हणून गोल दाण्याच्या बाहेरच्या थरात जळणं मंदावणारं रसायन मुरवावं लागतं, म्हणजे सुरुवातीचा भडका आवरतो आणि जोर पुढे ढकलला जातो.

गोल दाण्याची ही दारू वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सन यांनी १९३० च्या दशकात शोधली. ही कंपनी पुढे ऑलिन समूहाचा भाग होती. पहिल्या महायुद्धातली तोफांची जुनी दारू साठ्यात पडून आंबत चालली होती. ओल्सन यांनी तिच्यातलं नायट्रोसेल्युलोज विद्रावकात विरघळवलं आणि पाण्यात घुसळून त्याचे गोल मणी पाडले. उरलेलं आम्ल मारायला त्यात खडू घातला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बरंचसं काम पाण्याखाली होत असल्याने धोका कमी, आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. गोल दाणे मापातून पाण्यासारखे वाहतात, त्यामुळे यंत्रावर काडतुसं भरणंही सोपं. दुसऱ्या महायुद्धापासून या दारूने अमेरिकेची मोठी सेवा केली आहे. पुढचं सगळं वाचताना हे विसरायचं नाही, आणि तो खडूही लक्षात ठेवायचा.

नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्टला मोठी मागणी नोंदवली: पायदळासाठी ८५ हजार आणि हवाई दलासाठी १९ हजार रायफली. आता काडतुसं लाखांनी, कोट्यवधींनी लागणार होती. लष्कराने काडतुसाचा तपशील पक्का केला. गोळीचा वेग ३२५० फूट, आणि चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीतला, सरासरी दाब दर चौरस इंचाला ५२,००० पौंडांच्या वर जाता कामा नये. दारू आयएमआर ४४७५.

अडचण इथेच सुरू झाली. प्रयोगशाळेत निवडक दारू घेऊन वेग आणि दाब दोन्ही साधणं वेगळं, आणि कारखान्यात एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक लॉटमध्ये, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालात, ते साधणं वेगळं. दारूचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा जळतो. आयएमआर ४४७५ ने ३२५० फूट गाठायला गेलं की काही लॉट दाबाची मर्यादा ओलांडत. काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या या अटींवर मोठ्या उत्पादनाची हमी घ्यायला तयार नव्हत्या.

या क्षणी टेबलावर काय काय होतं? वेगाचा आकडा थोडा खाली आणता आला असता. पन्नास-साठ फुटांनी गोळीच्या कामात मैदानावर कुणाला जाणवेल असा फरक पडला नसता. दाबाची मर्यादा थोडी वर नेता आली असती, आणि काही काळ तशी सूट दिलीही गेली. तिसरा रस्ता दारू बदलण्याचा. लष्कराने वेगाचा आकडा धरून ठेवला आणि दारू सोडली. १९६४ च्या पूर्वार्धात दोन नव्या दारूंना मंजुरी मिळाली: ड्यू पाँटची सीआर ८१३६ आणि ऑलिनची गोल दाण्याची डब्ल्यूसी ८४६. सीआर ८१३६ फार टिकली नाही. पाहता पाहता व्हिएतनामला जाणारी बहुतेक काडतुसं डब्ल्यूसी ८४६ ने भरलेली असायची.

डब्ल्यूसी ८४६ कागदावर उजवी ठरते. गोल दाण्याचा जोर लांबपर्यंत टिकतो, म्हणून कमाल दाब मर्यादेत ठेवूनही ३२५० फूट मिळतात. शिवाय ती नवखी नव्हती. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांत, म्हणजे एम-१४ रायफलीत, ती आधीच नांदत होती आणि तिथे तिची तक्रार नव्हती. निर्णय घेणारे बेफिकीर होते असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे चांगलं दिसणारं कारण होतं, आणि गफलत त्या कारणातच होती. एका घोड्याच्या पाठीवर बसलेलं खोगीर दुसऱ्यावर बसेलच असं नाही. एम-१४ मध्ये वायूने दट्ट्या ढकलला की पुढचा वायू आपोआप तोडला जातो. दाब थोडा इकडे-तिकडे झाला तर यंत्रणा सांभाळून घेते. स्टोनरच्या रायफलीत असं काही नाही. बंदुकीच्या नळीच्या पुढच्या भागातल्या छिद्रातून वायू बारीक ट्यूबमध्ये शिरतो आणि थेट मागे येऊन बोल्टच्या गाड्याला, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या आणि मागे सरकून पुंगळी बाहेर काढणाऱ्या भागाला, ढकलतो. भाग कमी, वजन कमी, रचना सुरेख. पण त्या छिद्रापाशी वायू किती दाबाने पोहोचतो, यावर रायफलीची सगळी चाल ठरते.

काडतुसाच्या तपशिलात दोन दाब मोजायला हवे होते, एक चेंबरमधला आणि एक छिद्रापाशी. मोजणीचा भर पहिल्यावर राहिला. गोल दाण्याच्या दारूने पहिला दाब आटोक्यात ठेवला तो जोर पुढे ढकलून, आणि पुढे ढकललेला जोर नेमका त्या छिद्रापाशी जाऊन उभा राहिला.

परिणाम ऐकू येण्यासारखा होता. रायफलीची मारगती मिनिटाला ८५० फैरींच्या मर्यादेत असायला हवी होती. नव्या दारूने ती त्यापुढे, कधी हजाराच्या आसपास जाऊ लागली. ऐकायला हा गुण वाटतो. आत काय होतं ते पाहा. गोळी सुटते तेव्हा काडतुसाची पितळी पुंगळी दाबाने फुगते आणि चेंबरच्या भिंतींना चिकटते. दाब उतरला की पितळ आकसतं आणि मग पुंगळी मोकळी होते. याला काही सहस्रांश सेकंद लागतात. गाडा जोरात आणि लवकर मागे आला तर पुंगळी अजून चिकटलेली असतानाच तिला ओढलं जातं. मग पुंगळी पकडणारा हुक काठावरून सुटतो, नाहीतर काठच फाडतो. पुंगळी आत अडकून बसते. पुढच्या काडतुसाला जागा नाही आणि रायफल बंद.

अडकलेली पुंगळी काढायचा उपाय एकच: नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालून ती मागे ठोकून बाहेर पाडायची. समोर शत्रू असताना. आणि त्या सळयाही सगळ्यांकडे नव्हत्या.

आता खडू. तो जळत नाही. गरम वायूबरोबर ट्यूबमध्ये शिरतो, वायू थंडावतो तसा आत बसतो. त्यावर काजळी. हवेत दमटपणा, पाऊस, भातखाचरांचा चिखल. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला होता. हा समज कुणी पसरवला यावर बरेच वाद आहेत. सैनिकांपर्यंत तो पोहोचला होता आणि सफाईचं साहित्य पोहोचलं नव्हतं, एवढं पुरेसं आहे.

या प्रकरणातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते ती आता येते. कोल्टच्या कारखान्यात रायफलींना स्वीकृती चाचणी द्यावी लागे. नव्या दारूच्या काडतुसांनी चाचणी घेतली की मारगती मर्यादेबाहेर जाई आणि रायफली नापास होत. कोल्टने हे कळवलं. तिथे कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं की रायफल नापास होतेय की काडतूस? तसं झालं नाही. चाचणी जुन्या, आयएमआर दारूच्या काडतुसांनी घ्यायची मुभा दिली गेली. लाखो रायफली एका दारूवर पास झाल्या आणि दुसऱ्या दारूसोबत लढायला गेल्या. तपासणीच्या कामात असलेल्या कुणालाही हे वाचून पोटात गोळा यावा. मोजमाप आणि वापर यांची फारकत झाली की तपासणीचा शिक्का नुसता शिक्का उरतो.

स्टोनरला विचारलं होतं का? पुढे झालेल्या चौकशीत त्याने सांगितलं की काडतुसाचा हा तांत्रिक तपशील संरक्षण खात्यातून त्याला दाखवला गेला तो आधीच मान्य झालेला होता. त्याने आपण याची शिफारस करणार नाही असं सांगितलं. ज्याने जोडी लावली त्याचं मत वरात निघाल्यावर घेतलं गेलं.

मे १९६७. खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिकांची भीषण लढाई झाली होती. त्यांना एम-१६ हातात मिळून थोडेच आठवडे झाले होते. त्यातल्या एका जखमी सैनिकाचं घरी लिहिलेलं पत्र न्यू जर्सीच्या वर्तमानपत्रात छापलं गेलं आणि तिथून निवडून आलेले प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स हॉवर्ड यांनी ते अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, आणलं. त्याने लिहिलं होतं की आमच्यापैकी बहुतेकांना कुणी मारलं माहीत आहे? आमच्याच रायफलीने. मेलेल्या सैनिकांशेजारी त्यांच्या रायफली उघडलेल्या सापडत, दुरुस्त करता करता ते मेले होते, असंही त्याने कळवलं होतं. अशी पत्रं इतर घरांतही येत होती.

त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाची खास उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष मिसूरीचे रिचर्ड इकॉर्ड. ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल आला. रायफल मुळात उत्तम आहे, तिच्या अडचणी मुख्यतः लष्कराच्या कारभारातून आल्या, आणि त्यात दारू बदलण्याचा वाटा सर्वांत मोठा, असं समितीने म्हटलं. काडतुसातला दोष माहीत असून तो दुरुस्त न करणं गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवरचं आहे, इतकी कठोर भाषा त्यात आहे. सरकारी अहवालात असे शब्द सहसा येत नाहीत.

मी मात्र सगळा दोष दारूवर टाकून मोकळा होणार नाही. नळीच्या आणि चेंबरच्या आत क्रोमचा लेप नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबरला गंज लागून खड्डे पडत, आणि अशा चेंबरमध्ये फुगलेलं पितळ कोणत्याही दारूने चिकटून बसेल. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया ड्रांगच्या खोऱ्यात याच रायफलींनी चांगली कामगिरी केली होती. ती तुकडी आधी या रायफलीवर सराव केलेली होती आणि तिला सफाईची शिस्त होती. ज्यांच्या हातात ती घाईघाईने दिली गेली, त्यांचे हाल झाले. म्हणजे दारू, गंज, सफाई आणि प्रशिक्षण अशी चार दोरखंडं एकाच वेळी तुटली. दारूचं दोरखंड वेगळं ठरतं ते एवढ्यासाठी की ते तुटतंय हे कारखान्यातच, मोजपट्टीवर दिसत होतं.

दुरुस्त्याही पाहायला हव्यात, कारण दोष कुठे होता ते त्या नीट सांगतात. बोल्टच्या गाड्यामागे नवा, जड बफर, म्हणजे गाड्याचा धक्का झेलणारा भाग, आला आणि मारगती उतरली. १९६७ पासून चेंबरला क्रोम, काही वर्षांनी संपूर्ण नळीला. सफाईचं साहित्य, सचित्र पुस्तिका, प्रत्यक्ष शिकवणी. ड्यू पाँटची नवी आयएमआर ८२०८एम मंजूर झाली, पण गोल दाण्याची दारू गेली नाही. तिच्यातल्या खडूचं कमाल प्रमाण १ टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणलं. आणि ७.६२ साठी चालणारी दारू व एम-१६ च्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाला मानवणारी दारू यांची नावंच वेगळी केली. त्याच जातीतून ५.५६ साठीची दारू डब्ल्यूसी ८४४ म्हणून स्वतंत्र झाली. तिनेच पुढे अनेक दशकं याच जातीच्या रायफली बिनतक्रार चालल्या. बदललेल्या रायफलीला बदललेली दारू. जोडी पुन्हा लागली.

मानवणं हा आपल्या भाषेतला शब्द मला या सगळ्या प्रकरणासाठी नेमका वाटतो. औषध मानवतं, हवापाणी मानवतं, तशी दारू रायफलीला मानवावी लागते. आपले ऑलिंपिकचे रायफल नेमबाज स्वतः काडतुसं भरत नाहीत, पण आपल्या नळीला कोणत्या लॉटची काडतुसं मानवतात हे गोळ्या झाडून, कागदावरची भोकं जुळवून तपासतात. कंपनी तीच, डबा तोच, तरी लॉट बदलला की पुन्हा तपासणी. ५.५६ मिलिमीटरची काडतुसं भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्यात बनतात. तिथल्या माणसाला लॉट म्हणजे काय हे व्हिएतनामची गोष्ट न सांगताही ठाऊक असणार.

अमेरिकेतल्या हौशी माणसापर्यंत या प्रकरणातले दोन्ही मुख्य दाणे पोहोचले आहेत. हॉजडन कंपनी डब्ल्यूसी ८४६ ची बहीण बीएल-सी(२) या नावाने किरकोळ डब्यात विकते आणि डब्ल्यूसी ८४४ ची एच-३३५ या नावाने. फरक असा की कारखान्याला मिळणारी ठोक दारू प्रत्येक लॉटला वेगळी असते आणि कारखाना दाब मोजून वजन बदलतो. हौशी माणसाकडे दाब मोजायचं यंत्र नसतं. म्हणून त्याच्या डब्यातली दारू वेगवेगळे लॉट मिसळून एकसारखी केलेली असते, म्हणजे काडतुसं भरण्याच्या पुस्तकात दारूच्या वजनाचा दिलेला आकडा त्याला धरता येतो. मिलिटरी जादा माल म्हणून स्वस्तात मिळालेली ठोक दारू पुस्तकातल्या आकड्याने भरणारे अधूनमधून निघतात, आणि जाणती माणसं त्यांना थांबवतात. तीही पुस्तकातल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात करतात, पुंगळीचा काठ आणि बूड पाहत हळूहळू वर जातात, आणि अर्धस्वयंचलित रायफल असेल तर रिकामी पुंगळी किती लांब आणि कोणत्या दिशेला फेकली गेली तेही बघतात. ती फार दूर पुढे उडत असेल तर छिद्रापाशी वायू जास्त आहे, गाडा घाई करतोय. मग वेगमापकावर कितीही सुंदर आकडा दिसत असला तरी ते दारू कमी करतात, किंवा डबा बाजूला ठेवून दुसरी दारू उघडतात.